रात्री घरात आलेले आवाज तपासायला टॉर्च: सुरुवातीला एवढंच बघा

हजारो ल्युमेनच्या (टॉर्चच्या एकूण प्रकाशाचं माप) मागे आत्ताच लागू नका. घरात २००-३०० भरपूर झाले. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला २०-३० मिनिटं लागतात. झोपेतून उठून थेट टर्बो (सगळ्यात प्रखर मोड) लावलात, की पांढऱ्या भिंतीवरून परतलेला झोत आधी तुमचेच डोळे दिपवतो. बहुतेक नवखे इथेच फसतात. सगळ्यात मंद मोडवर सुरू करा, मग झोत छताकडे धरून वाढवा, सगळी खोली एकसारखी उजळते.

- बटण दाबण्याआधी कान द्या. फ्रीज, पाइप, मांजर बरेचदा आवाजावरूनच ओळखू येतात.
- टॉर्चची जागा ठरलेली हवी, चार्जिंग अधूनमधून तपासाच.
- स्ट्रोब (झपाझप उघडझाप करणारा मोड) विसरा.

सेल, टिंट (प्रकाशाची रंगछटा) वगैरे नंतर सावकाश बोलू. पण माणूस असल्याची शंका आली, तर टॉर्च घेऊन बाहेर अजिबात पडू नका. दार लावून पोलिसांना फोन करा.