कॅनडातल्या ऑन्टारिओत राहतो. ऑनलाइन पोकर टूर्नामेंटमध्ये बक्षिसाच्या तोंडाशी येऊन दरवेळी बाहेर पडतो. महागात पडलेल्या चुकांतून शिकायचं कसं?

तुम्ही ऑन्टारिओत राहता असं प्रश्नात लिहिलंय, म्हणून उत्तर देतोय. तिथे २०२२पासून परवान्यावर चालणाऱ्या साइट आहेत. आपल्याकडे ऑगस्ट २०२५च्या कायद्याने पैशांचं ऑनलाइन पोकर बंद झालं. माझं पुराण त्याआधीचं आहे, पुण्यातल्या भाड्याच्या खोलीतलं, रात्री अकरानंतरचं.

सॅटेलाइट होती, म्हणजे मोठ्या टूर्नामेंटचं तिकीट जिंकायची छोटी टूर्नामेंट. १,१०० रुपये भरायचे, त्यातले १०० साइटचे. आम्ही ११० जण बसलो होतो आणि पहिल्या दहांना मोठ्या टूर्नामेंटचं ११,००० रुपयांचं तिकीट मिळणार होतं. पहिल्याला आणि दहाव्याला तिकीट सारखंच. ही ओळ मी वाचली होती, पण ती डोक्यात शिरली नव्हती.

रात्री दोनच्या सुमारास अकरा जण उरलो. ब्लाइंड, म्हणजे पानं बघायच्या आधीच दोघांनी सक्तीने लावायच्या चिप्स, २,००० (स्मॉल) आणि ४,००० (बिग). माझ्याकडे ८८,००० चिप्स. दुसऱ्या टेबलावर एकाकडे फक्त ३,००० उरल्या होत्या, म्हणजे बिग ब्लाइंड भरायलाही पुरेशा नाहीत. दोन डावांत त्याची ब्लाइंड भरायची पाळी येणार होती. मी बिग ब्लाइंडला, माझ्या उजवीकडे सगळ्यात जास्त चिप्सवाला. तो ऑल-इन गेला, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या. मी पानं पाहिली तर राजांची जोडी. तीन सेकंदही लागले नसतील, कॉल, म्हणजे माझ्याही सगळ्या चिप्स आत. त्याने उघडलं एक्का-अठ्ठी. टेबलावरची पहिली तीन पानं, म्हणजे फ्लॉप, गेला, चौथं, म्हणजे टर्न, गेला, पाचव्या आणि शेवटच्या पानाला, रिव्हरला, चौकटचा एक्का. मी अकरावा, हातात शून्य. ३,०००वाल्याला तिकीट.

पुढचे कित्येक महिने मी ही गोष्ट 'काय नशीब फुटकं' म्हणून भेटेल त्याला ऐकवत होतो. शेवटी माझ्यापेक्षा बराच बरा खेळणाऱ्या एका मित्राने रिव्हरपर्यंत पोचूच दिलं नाही.

"राजे होते हे कळलं. फोल्ड केलं असतंस, पानं फेकली असतीस, तर तिकीट मिळायची शक्यता किती होती?"

"पंच्याण्णव टक्के तरी."

"आणि कॉल केल्यावर?"

"सत्तर."

"मग अरे, पंचवीस टक्के फुकट का वाटलेस?"

मी गप्प. त्याने पुढे सांगितलं ते तर पचायलाच वेळ लागला. समोरच्याने डोळे मिटून कुठलीही दोन पानं ढकलली असती, तरी राजे जिंकतात ८२ टक्के वेळा. एक्क्यांची जोडी असती तरी ८५. म्हणजे त्या जागी एक्केसुद्धा फेकायचे! आपल्याकडे गणपतीच्या जागरणात मेंढीकोट खेळून वाढलेल्या माणसाला हे पटत नाही. चांगलं पान आलं की ते वापरायचं, हे हाडीमाशी भिनलेलं. पण तिकीट पक्कं असताना जास्तीच्या चिप्सचं करायचं काय? नेहमीच्या टूर्नामेंटमध्येही बक्षिसाच्या तोंडाशी हेच होतं, थोड्या कमी तीव्रतेने: मिळवलेल्या चिप्सपेक्षा गमावलेल्या चिप्स जास्त किमतीच्या असतात. याचा हिशोब करायच्या पद्धतीला आयसीएम म्हणतात. तुमची अडचण बहुधा तिथेच आहे, तेवढं एक शिकून घ्या.

पण त्या रात्रीची खरी महाग चूक ही नव्हतीच. बाहेर पडल्याबरोबर रागाच्या भरात मी ३,३००च्या टूर्नामेंटला बसलो. बाद झालो, पुन्हा पैसे भरून री-एन्ट्री घेतली. पुन्हा बाद, पुन्हा री-एन्ट्री. पहाटे चारला ९,९०० गेले होते. सॅटेलाइटचे १,१०० धरून बरोबर ११,०००. तिकीट सरळ विकत घेतलं असतं तर तेवढेच लागले असते.

मग मी दोन गोष्टी केल्या. रात्री एकनंतर नवीन टूर्नामेंटला बसणं बंद, आणि एका रात्रीत एकच एन्ट्री. दुसरी म्हणजे साइटवरून जुने डाव काढून बघायला लागलो, हरलेले आणि जिंकलेलेही. जिंकलेल्यांत जास्त घाण सापडली. एक्का आणि सोबत एखादं फडतूस पान घेऊन स्मॉल ब्लाइंडवरून कॉल, आणि नशिबाने जिंकलेलो. हरलो असतो तर कधीच सवय सुटली असती.

वर्षभराने तशाच सॅटेलाइटमध्ये, एक जण बाद व्हायचा बाकी असताना, राण्यांची जोडी फेकली. हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू. तिकीट मिळालं. मोठ्या टूर्नामेंटमध्ये चाळीस मिनिटांत बाद झालो ते वेगळं.

तुमचा शेवटचा डाव कमेंटमध्ये टाका. कितीजण उरले होते, बक्षिसं कशी होती, ब्लाइंड, कोणाकडे किती चिप्स, तुमची पानं. रिव्हरला काय आलं ते मात्र लिहू नका.