वेबसाइटचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

साताऱ्याच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ३८, गोधड्या शिवतात. हाताखाली दोन बायका आहेत आणि महिन्याला २० गोधड्या तयार होतात, २,२०० ला एक. विक्री इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप आणि डिसेंबरात पुण्याला भरणाऱ्या भीमथडी जत्रेत. ऑर्डर दिली की गिऱ्हाइकाला तीन आठवडे थांबावं लागतं. प्रश्न सरळ आहे: स्वतःची वेबसाइट करावी (कोटेशन ८५,००० रुपये, शिवाय दरवर्षी १८,०००), की मार्केटप्लेसवर, म्हणजे अनेकांचा माल विकणाऱ्या ऑनलाइन बाजारात, दुकान मांडावं, जिथे गोधडीमागे कुरिअरसकट साधारण ५५० रुपये कापले जातील?

मात्र पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावं तसं, हे लिहिलंय: "भांडवलासाठी तीन लाखांचं मुद्रा कर्ज घेतलंय, ११ टक्के, पाच वर्षं. साहेब म्हणाले सोबत पॉलिसी घ्यावीच लागते. ६० हजारांचा पहिला हप्ता कर्जातूनच वळता केला. दहा वर्षं भरायचं, विसाव्या वर्षी १२ लाख. मुलीच्या शिक्षणाला होतील."

ताई, वेबसाइट बाजूला ठेवा. पॉलिसीचे कागद ५ तारखेला हातात आले असं तुम्ही लिहिता आणि पत्रावर २१ तारीख आहे. कागद मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत पॉलिसी परत करता येते. त्याला फ्री लूक म्हणतात, आणि विकताना ते सहसा कुणी सांगत नाही. स्टॅम्प ड्यूटी, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे वजा करून बाकीचे परत मिळतात. हे उत्तर छापून येईपर्यंत मुदत संपेल म्हणून तुम्हाला ते आधीच ईमेलने पाठवलंय.

अर्ज विमा कंपनीकडे करायचा, बँकेतल्या साहेबांकडे नाही. साहेब "बघतो" म्हणतील आणि बघता बघता तीस दिवस जातील. ईमेल करा, शाखेत कागद देऊन पोच घ्या. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार करा. त्यापुढे विमा लोकपाल आहेत, त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे.

आणि हे "घ्यावीच लागते" कुठून आलं? मुद्रा कर्जाला तारणसुद्धा लागत नाही, मग पॉलिसी कशाला लागेल? तुमच्या मंजुरीपत्रात तशी अट आहे का ते बघा. नसणार. साहेबांना म्हणा, अट लेखी द्या. कुणीही लिहून देणार नाही.

आता ते १२ लाख. सहा लाख भरून बारा मिळणार म्हणजे दुप्पट, ऐकायला छान. पण पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, दहावा अकरा, म्हणजे तुमचा रुपया सरासरी साडेपंधरा वर्षं. पैसे जितक्या वर्षांत दुप्पट होतात त्याने ७२ ला भागलं की साधारण व्याजदर निघतो. ७२ ला साडेपंधराने भागा: साडेचार टक्क्यांच्या जरा वर. म्हणजे ११ टक्क्यांनी पैसे उचलून साडेचार टक्क्यांना गुंतवायचे. याला गुंतवणूक म्हणणाऱ्याचा फक्त कमिशनशी संबंध असतो. मुलगी आज नऊ वर्षांची आहे. विसाव्या वर्षी पैसे येतील तेव्हा ती २९ ची असेल. कुठलं शिक्षण करायचंय तिने तेव्हा?

विम्याचं म्हणाल तर अशा पॉलिसीत संरक्षण साधारण हप्त्याच्या दहापट, म्हणजे सहा लाख. तुमच्या वयाला ५० लाखांचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) वर्षाला दहा हजारांच्या आसपास बसेल. मुलीसाठी ती दहा वर्षांची व्हायच्या आत पोस्टात सुकन्या खातं उघडा. सध्या ८.२ टक्के मिळतात आणि अठराव्या वर्षी शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते. आरोग्य विम्याचा पत्रात उल्लेखच नाही, म्हणजे तो नसावा. तो या सगळ्याच्या आधी.

मुदत हुकलीच, तर दुसरा हप्ता भरू नका. ६० हजारांवर पाणी सोडावं लागलं तरी परवडेल, सहा लाख अडकवणं नाही.

आता धंद्याचा हिशेब. गोधडीमागे कापड-दोरा ७००, बायकांची मजुरी ५००, कुरिअर १५०. उरले ८५०, वीस गोधड्यांचे १७,०००. त्यातून कर्जाचा हप्ता साडेसहा हजार आणि पॉलिसीचे महिन्याला पाच हजार गेले की हातात साडेपाच हजार. तुमच्याकडे धावदोरा घालणाऱ्या दोघींना महिन्याला पाच-पाच हजार मिळतात. कापड निवडणं, बेतणं, फोटो, पॅकिंग, गिऱ्हाइकांचे फोन आणि कर्जाचा बोजा, एवढ्या सगळ्याचे तुम्हाला त्यांच्याहून पाचशे रुपये जास्त.

तीन लाखांचं भांडवल लागलं कशाला, हेही पत्रात कुठे नाही. ६० हजार पॉलिसीत गेले, ८५ हजार वेबसाइटला ठेवलेत. उरलेले एक लाख पंचावन्न हजार बचत खात्यात पडून आहेत, तिथे अडीच-तीन टक्के मिळतात. वीस गोधड्यांचं कापड-दोरा १४,००० चं होतं. दोन-तीन महिन्यांचा माल आणि थोडी गंगाजळी बाजूला ठेवा, बाकीचे कर्जात परत भरा. मुदतीआधी भरण्याला शुल्क आहे का, ते मंजुरीपत्रात वाचा.

राहिला तुमचा प्रश्न. वेबसाइटचे ८५ हजार तीन वर्षांत विभागले आणि वार्षिक खर्च धरला तर वर्षाला ४६,०००. वर्षाच्या सगळ्या २४० गोधड्या तिथूनच विकल्या तर एकीमागे १९०. ऑनलाइन पैसे घेण्याच्या गेटवेचे ५० आणि कुरिअरचे १५० मिळवा, झाले ३९०. निम्म्याच विकल्या गेल्या तर ५८०, म्हणजे मार्केटप्लेसपेक्षा महाग. जाहिरातीचा रुपया यात धरलेला नाही, आणि जाहिरातीशिवाय नव्या वेबसाइटवर तुमच्या नणंदेखेरीज कुणी येत नाही.

मार्केटप्लेसचे ५५० काढताना वजन दोन किलो टाकलंत ना? कुरिअरवाले आकारमान मोजतात. ४० बाय ४० बाय १२ सेंटिमीटरच्या घडीचा गुणाकार पाच हजारांनी भागला की वजन पावणेचार किलोंच्या वर जातं. घडी दाबून बांधा आणि पुन्हा हिशेब करा. शिवाय महाराष्ट्राबाहेर मार्केटप्लेसवरून विकायचं तर उलाढाल ४० लाखांच्या खाली असली तरी जीएसटी नंबर लागतो.

पण तुमच्याकडे गिऱ्हाईक तीन आठवडे थांबतंय. तुम्हाला गिऱ्हाइकं कमी नाहीत, हात कमी आहेत. दोन्हींतलं आत्ता काहीच नको. पुढच्या ऑर्डरपासून दर २,६०० करा. वाढीतले शंभर शिवणाऱ्या बायकांना द्या, तुमच्याकडे महिन्याला सहा हजार वाढतील. चार-दोन गिऱ्हाइकं कुरकुरतील, त्यांना कुरकुरू द्या. तिसरी बाई मिळाली आणि गोधड्या तयार पडून राहायला लागल्या की मग पाच-सहा नमुने मार्केटप्लेसवर ठेवून बघा. वेबसाइटचं नाव तेवढं आजच स्वतःच्या नावावर घेऊन ठेवा, वर्षाला हजारभर रुपये. कोटेशन देणाऱ्याच्या नावावर नको, नाहीतर पुढे तेच नाव त्याच्याकडून विकत घ्यावं लागेल.