गोदामातली चाळीस पोती

प्रश्न : मी सांगलीतील एका चार्टर्ड अकाउंटंटांकडे आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठीची उमेदवारी, करतो. आमच्या कार्यालयात ‘प्रोफेशनल’ म्हणजे इस्त्रीचा शर्ट, इंग्रजी ईमेल आणि क्लायंटला न दुखावणे. ३१ मार्चला एका हळद व्यापाऱ्याच्या गोदामात साठा मोजताना यादीपेक्षा ४० पोती कमी भरली. ‘संध्याकाळी गाडी येतेय, पूर्ण लिहून टाका,’ असे तिथले दिवाणजी म्हणाले. मी मोजलेला आकडाच लिहिला, तर सीनिअरांनी मला अनप्रोफेशनल ठरवले. माझे चुकले का?

उत्तर : आकड्याच्या बाबतीत मुळीच नाही. साठ्याची रक्कम मोठी असेल, तर ऑडिटरने मोजणीला हजर राहावे, असे ऑडिटिंगचे मानक ५०१ सांगते. नुसत्या यादीवर खुणा करायच्या असत्या, तर तुम्हाला गोदामात पाठवण्याचे कारणच नव्हते. अखेरचा साठा फुगला की नफाही तेवढाच फुगतो, आणि तुमच्या सरांच्या सहीवर विसंबून बँक त्याच साठ्याच्या तारणावर कर्ज देते. तपासणी न करता अहवाल प्रमाणित करणे हे चार्टर्ड अकाउंटंट्स अधिनियम, १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीनुसार व्यावसायिक गैरवर्तन आहे. नीटनेटका पोशाख आणि इंग्रजी जरूर कमवा, पण आपल्या पेशाचा कणा हा आहे.

मात्र पुढची पायरी तुम्ही गाठली का, हे तपासून पाहा. मोजणीची वेळ कागदावर लिहून तिथेच दिवाणजींची सही घेतली का? गोदाम सोडण्यापूर्वी सीनिअरांना फोन केला का? दिवाणजी खोटेच बोलत होते असे धरून चालू नका. त्या मालाची मालकी ३१ मार्चपर्यंत व्यापाऱ्याकडे आली असेल, तर बिल आणि बिल्टी (मालवाहतुकीची पावती) पाहून तो वाटेतला माल म्हणून वेगळा दाखवता येतो. मोजलेल्या पोत्यांत मात्र तो मिसळता येत नाही. हे शांतपणे मांडले असते, तर कदाचित सीनिअरांचाही सूर बदलला असता. अजूनही वेळ गेलेली नाही. ती कागदपत्रे मागवा, वर्किंग पेपरला, म्हणजे ऑडिटच्या कामाच्या नोंदींना, जोडा आणि सीनिअरांना सोबत घेऊन सरांपुढे ठेवा.

क्लायंटची माहिती बाहेर सांगणे हेही त्याच अनुसूचीत गैरवर्तन मानले आहे. पत्रात तुम्ही त्या व्यापाऱ्याचे नाव कुठेही येऊ दिले नाही, याचे मला फार समाधान वाटले.