कॅनू सरळ का जात नाही, आणि नदीवरचे इतर प्रश्न

मागच्या अंकात दोन दिवसांच्या नदीसहलीबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. बरेचसे प्रश्न एकसारखेच आहेत म्हणून एकत्र करून उत्तरं देतेय.

प्रश्न : ताई, आम्ही नवरा-बायको कॅनू चालवतो, मी मागे बसतो. चार-पाच वेळा वल्हं मारलं की होडी वळायला लागते, मग बाजू बदलतो, परत दुसरीकडे वळते, सगळा प्रवास नागमोडी. माझी ताकद कमी पडते का?

उत्तर : अहो कमी नाही, मला वाटतं जास्तच पडतेय! मागे बसणारा होडीच्या मध्यापासून पुढच्यापेक्षा जास्त लांब असतो, त्यामुळे त्याच्या वल्ह्याने होडी जास्त वळते. तुम्ही उजवीकडे वल्हवत असाल तर नाक डावीकडे जाणारच, आणि जितका जोर लावाल तितकं जास्त जाणार. यावरचा उपाय म्हणजे जे स्ट्रोक. वल्हं पुढे गुडघ्याच्याही पलीकडे पाण्यात घाला, कमरेपर्यंत ओढा, आणि तिथे पोचलं की वरच्या हाताचा अंगठा खाली पाण्याकडे वळवा. पातं आपोआप उभं होतं, मग ज्या बाजूने पाणी ओढलं त्याच बाजूने ते होडीपासून बाहेर थोडंसं ढकलायचं आणि उचलायचं. वरून बघितलं तर पाण्यात इंग्रजी जे अक्षर काढल्यासारखं दिसतं.

इथे जवळजवळ सगळे एकच चूक करतात, अंगठा वर वळवतात. मग पात्याची उलटी बाजू पाण्याला लागते, नाक सरळ होतं खरं पण दर वेळी ब्रेक लागतो आणि मनगट दुखतं ते वेगळंच. खळाळत्या पाण्यात पटकन दिशा बदलायला तो प्रकार चांगला आहे, पण दिवसभर असंच करू नका. सुरुवातीला दर स्ट्रोकला मान वळवून अंगठ्याकडे बघा, आठवडाभरात हाताला सवय होते. आणि वल्हं कमरेच्या मागे ओढत नेऊ नका, तिथून पुढे पातं फक्त पाणी वर उचलतं आणि होडी वळवतं. जोर दंडातून नाही, पाठ-कंबर वळवून लावायचा.

अजून एक, सामान कुठे ठेवता ते बघा. नाक जड झालं की मागचं टोक इकडेतिकडे घसरतं आणि कितीही चांगला जे स्ट्रोक मारा, होडी ऐकत नाही. जड बॅग थोडी मागे सरकवा, म्हणजे होडी समतल किंवा मागे जराशी जड राहील. समोरून जोराचा वारा असेल तेव्हाच उलट करायचं, नाक थोडं जड ठेवायचं. वहिनींना सांगा की ताल त्यांनी धरायचा आणि खडक त्यांनी बघायचे, सरळ ठेवायचं काम तुमचं. एवढं ठरलं तरी निम्मी भांडणं संपतात.

प्रश्न : वल्ह्याची लांबी कशी ठरवायची? आपल्या उंचीवरून का?

उत्तर : उभं राहून मापू नका, होडीत आपण उभे नसतो. सपाट खुर्चीवर ताठ बसा, वल्हं उलटं करून मूठ दोन मांड्यांच्या मध्ये खुर्चीवर टेकवा. दांडा संपून पातं सुरू होतं ती जागा हनुवटी ते नाकाच्या दरम्यान आली पाहिजे. पात्याची लांबी यात धरायची नाही.

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांची आहे, पोहण्यात मेडलं मिळालीत. लाइफ जॅकेटमध्ये खूप गरम होतं, शांत पाण्यात काढून सीटखाली ठेवलं तर चालेल का? लागलं तर घालेनच ना.

उत्तर : नाही गं, नाही चालणार. लागतं तेव्हा घालायला वेळ नसतो, उलटल्यावर जॅकेट एकीकडे वाहतं आणि तू दुसरीकडे. तुझं पोहणं चांगलं असणार यात शंकाच नाही, पण तलावात तू तयारीने उडी मारतेस, आणि होडीतून माणूस न सांगता पडतो, कधी डोकं आपटून पडतो. पाणी फार गार असेल तर पडल्या पडल्या आपसूक मोठा श्वास ओढला जातो, त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. बर्फासारख्या पाण्यात पहिलं १ मिनिट नुसतं श्वास सांभाळण्यात जातं आणि त्यानंतर साधारण १० मिनिटंच हातपाय नीट चालतात, मग बोटांना बकलसुद्धा लागत नाही, मेडलवाल्यांच्यासुद्धा. आणि पांढऱ्या फेसाळ पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असतात, ते साध्या पाण्याइतकं उचलून धरत नाही.

वल्हवायला ५० न्यूटनचं जॅकेट बरं पडतं, म्हणजे पाण्यात साधारण ५ किलो वजन उचलून धरेल असं, त्यात खांदे मोकळे राहतात. पण बेशुद्ध माणसाचं तोंड ते वर करेलच असं नाही, त्यामुळे एकटीने जाऊ नकोस. घातल्यावर पट्टे कमरेपासून वरच्या दिशेने आवळ, मग कुणाला तरी खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांग. जॅकेट कानापर्यंत आलं तर ढिलं आहे. गरम होत असेल तर जॅकेटसकट पाण्यात डुबकी मार, मी तेच करते.

प्रश्न : नदी ओलांडताना आम्ही जोरजोरात वल्हवतो तरी पार खाली वाहत जातो. आणि प्रवाहात होडी आडवी झाली की नेमकं काय करायचं?

उत्तर : समोरच्या काठाकडे नाक करून सरळ निघालात तर नदी तुम्हाला घेऊन जाणारच. नाक प्रवाहाच्या वरच्या दिशेला ठेवा आणि ज्या काठाला जायचंय तिकडे थोडंसं तिरकं करा, साधारण ३० अंश, पाणी जोराचं असेल तर त्याहून कमी. आता फक्त जागेवर टिकण्यापुरतं वल्हवत राहा, प्रवाहच होडीला बाजूला सरकवत नेतो. पहिल्यांदा जमतं तेव्हा विश्वासच बसत नाही. पाणी तुमच्या दंडाला दाद देत नाही, कोनाला देतं, माझ्या मते नदीवर शिकायची सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

दुसरं म्हणजे होडी कलवायची ती कायम प्रवाहाच्या खालच्या बाजूला, म्हणजे पाणी जिकडून येतंय ती कड उचललेली राहते. सुरुवातीच्या एका सहलीत आमची कॅनू आडवी होऊन एका खडकावर चालली होती. मला इतकी भीती वाटली की मी खडकापासून लांब झुकले, कुणीही झुकेल तसंच, आणि वरच्या बाजूची कड बोटभर खाली गेली. बास. पाणी त्या कडेवरून आत आलं, अगदी शांतपणे, चादर अंथरल्यासारखं, आणि बघता बघता होडी पोट खडकाला लावून वाकली. सोळा फुटी कॅनू भरली की पाऊण टन ते टनभर पाणी होतं, आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, तिला हाताने कोण हलवणार? आम्ही दोघी वरच्या बाजूने बाहेर पडलो म्हणून वाचलो. त्यामुळे खडक आला की खडकाकडे झुका, मिठी मारा त्याला, मन कितीही नाही म्हणालं तरी. आणि भरलेल्या होडीच्या खालच्या बाजूला कधीही राहू नका, ती आणि खडक यांच्या मध्ये सापडलं तर सुटका नाही.

प्रश्न : पडल्यावर पाय टेकत असतील तर उभं राहावं का? आणि वाचवणाऱ्याने कमरेला दोरी बांधून उतरावं का?

उत्तर : दोन्हीला नाही. वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर पाणी असेल तर उभं राहायचं नाही, पाय टेकत असले तरी. पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकतं आणि मागून येणारं पाणी माणसाला पुढे वाकवून पाण्याखाली दाबतं, मांडीएवढ्या पाण्यातसुद्धा. पाठीवर झोपा, पाय प्रवाह जातोय त्या दिशेला, पायाची बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत, आणि हाताने पाणी मारत तिरके काठाकडे सरका, इथेही कोनच. डोकं ज्या काठाला जायचंय तिकडे वळवा. फक्त समोर पाण्यात पडलेलं झाड आलं तर हे सगळं विसरा. फांद्यांमधून पाणी जातं, माणूस जात नाही. बाजूने निघता येत नसेल तर पालथे व्हा, डोकं पुढे करून जोरात पोहत जा आणि फांदी पकडून पोटावर वर चढा.

कमरेला गाठ मारलेली दोरी ताणली की वाचवणाराच पाण्याखाली खेचला जातो. फेकायची दोरी पिशवीतली असते, १५ ते २० मीटर, तरंगणारी. आधी हाक मारा, बघू दे त्याला तुमच्याकडे, मग डोक्यावरून थोडी पलीकडे फेका म्हणजे दोरी अंगावर पडते. फेकल्यावर लगेच खाली बसा, नाहीतर झटक्याने तुम्हीच जाल. पाण्यातल्याने पाठीवर राहून दोरी छातीशी धरायची, काठापासून लांबच्या खांद्यावरून घेऊन, मग तो आपोआप झोका घेतल्यासारखा काठाला लागतो. हाताला गुंडाळायची नाही, दोघांनीही नाही. गवतावर वीस-तीस वेळा फेकून बघा, पहिल्या दहा कुठेतरी भलतीकडेच जातात.

प्रश्न : वाटेत दोन फुटांचा छोटा बंधारा आहे, रिकाम्या होडीने उतरता येईल का?

उत्तर : नका उतरू. बंधाऱ्याखाली पाणी उलटं फिरून परत भिंतीकडे येतं, काठापासून काठापर्यंत, आणि त्यात सापडलेला माणूस होडीसकट तिथेच घुसळत राहतो. प्रवाहाच्या वरच्या बाजूने येताना फक्त एक सरळ गुळगुळीत रेघ दिसते म्हणूनच तो फसवतो. खूप आधी काठाला लागा आणि होडी उचलून पलीकडे न्या.

प्रश्न : सामान बांधायचं की सुटं ठेवायचं?

उत्तर : बांधायचं, पण कुठेही लोंबती दोरी नको, पाय अडकतात. पुढच्या-मागच्या टोकाच्या दोऱ्याही गुंडाळून खोचून ठेवा. कपडे आणि झोपायची पिशवी कोरड्या बॅगेत, तोंड तीन-चार घड्या घालून बंद केलेलं, आणि बॅगा घट्ट बसल्या तर होडी भरली तरी तेवढी जागा पाण्याला मिळत नाही, हाही फायदा. जादा वल्हं मात्र सामानाखाली गाडू नका. मागे बसणाऱ्याच्या हाताशी एका पट्ट्याने अडकवा आणि निघायच्या आधी काठावरच डोळे मिटून, एका हाताने, ते सोडून बघा.