पालथं झोपवलं की बाळ छान झोपतं, मग उताणंच का?

ताई, तुमचं बाळ अडीच महिन्यांचं आहे, पालथं घातलं की तीन-तीन तास झोपतं, सासूबाई म्हणतात झोपू दे तसंच, आणि तुम्हाला ‘सिड्स’ची, म्हणजे बाळाच्या झोपेतल्या अचानक मृत्यूची, धास्ती वाटतेय. मी ठाण्यात नवजात बाळांच्या विभागात सिस्टर आहे. तुमची धास्ती रास्त आहे.

पालथं बाळ गाढ झोपतं हे खरंच. पण घोळ तिथेच आहे. नाक गादीत रुतलं, श्वास कोंडला, तर बाळाला जाग यायला हवी. पालथ्या झोपेत ती लवकर येत नाही. सिड्स म्हणजे वर्षाच्या आतलं धडधाकट दिसणारं बाळ झोपेतच दगावतं आणि शवविच्छेदनातही कारण सापडत नाही. दोन ते चार महिने हा सर्वांत नाजूक काळ, आणि अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळांना जास्तच जपावं लागतं. अमेरिकेत १९९४ साली बाळांना उताणं झोपवायची मोहीम सुरू झाली आणि दहाएक वर्षांत हे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

उताणं झोपवलं तर दूध घशात अडकेल, असं सासूबाई म्हणतील. उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध सहसा परत खालीच जातं. पाजल्यावर ढेकर तेवढी काढा.

गेल्या मे महिन्यात ऐरोलीला भाचीकडे गेले होते. पंखा बंद, बाळाला टोपरं, पायमोजे, अंगावर गोधडी, डोक्याखाली मोहरीची उशी. मानेखाली हात घातला तर घामानं चिंब! अति ऊबेनंही सिड्सचा धोका वाढतो. आपल्या दमट हवेत एक झबलं पुरे, पंखा चालू ठेवा. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, ऊब छातीला हात लावून बघा. उशी, लोड, मऊ खेळणी बाळाजवळ नकोतच.

बाळ तुमच्याच खोलीत, पण वेगळ्या, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवा. सोफ्यावर पाजताना डोळा लागणं फार धोक्याचं. घरात कोणी सिगारेट-बिडी ओढत असेल तर आजच बंद करायला लावा. अंगावरचं दूध चालू ठेवा, त्यानं धोका कमी होतो. लसही चुकवू नका. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस नेमके याच वयात येतात, म्हणून लोक लशीला बोल लावतात. लशीमुळे सिड्स होत नाही.

आणि पालथं घालायचंच ना, तर ते बाळ जागं असताना, कोणीतरी समोर बसलेलं असताना. मान धरायला त्याचा उपयोगच होतो. ते काम सासूबाईंकडे द्या.