झिजलेला अल्टरनेटर घरीच उघडून दुरुस्त करावा की सरळ नवा बसवावा?

आधी उघडा. निर्णय नंतर घ्या.

तुम्ही लिहिलंय की गाडी १,४०,००० किलोमीटर चालली, अल्टरनेटर (इंजिन चालू असताना वीज बनवून बॅटरी भरणारं यंत्र) घरघरतोय, हेडलाइट आणि एसी एकदम लावले की मीटरवर १२.९ व्होल्ट दिसतात आणि मेकॅनिकने हात न लावताच सांगितलं, 'यात काही राहिलं नाही, अख्खा बदला.' घरी दुरुस्त करण्यात अर्थ आहे का, एवढंच तुम्ही विचारलंय. पण ते 'हात न लावताच' वाचलं आणि मला राहवलं नाही. हेच वाक्य मी माझ्या भाऊजींकडून सहा वर्षं ऐकतोय.

माझं म्हणणं असं की 'अल्टरनेटर झिजला' असं काही नसतं. आत झिजणाऱ्या वस्तू मोजून दोन, कार्बन (फिरत्या भागाला घासत करंट पोहोचवणारे छोटे ठोकळे) आणि बेअरिंग. फार तर स्लिप रिंग, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात ती शाफ्टवरची कडी, तिसरी धरा. रोटरची (फिरणाऱ्या भागाची) कॉइल, स्टेटरचं (स्थिर भागाचं) वाइंडिंग, करंट एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर हे झिजत नाहीत, जळतात. जळलेल्याचा विचार वेगळा करायचा. कार्बन तर झिजण्यासाठीच घातलेला असतो. जुन्या डायनॅमोत गाडीला लागणारा सगळा करंट कार्बनमधून आणि कॉम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांवरून जायचा, म्हणून दोन्ही भराभर झिजायचे. १९६० च्या क्रायस्लर व्हॅलियंटपासून सिलिकॉन डायोडवाला अल्टरनेटर साध्या मोटारीत आला आणि कार्बनच्या वाट्याला फक्त रोटरच्या कॉइलचा तीन-चार अँपिअर करंट उरला. म्हणून आता तो लाख-दीड लाख किलोमीटर जातो. तुमचा तेवढा गेला. त्याने त्याचं काम पूर्ण केलं. यात अख्खा अल्टरनेटर टाकून देण्यासारखं काय झालं?

आता ताईच्या गाडीचं सांगतो.

सहा वर्षांपूर्वी तिच्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा मंद पेटायला लागला. पूर्ण लागायचा नाही, अंधारात नीट पाहिलं तरच दिसायचा. पुढून घरघरही होती. भाऊजी म्हणाले, नवा बसवू. मी म्हटलं, एक रविवार द्या. अल्टरनेटर काढून टेबलावर घेतला. पुलीचा नट सोडवायलाच तास गेला, कारण शाफ्ट धरायला नीट जागा नव्हती आणि रोटर शिकंजात पकडायचा नाही हे मला आधीपासून माहीत होतं. दोन्ही कवचांवर टोच्याने आडवी खूण केली, चारही लांब बोल्ट काढले, कवचं वेगळी केली. कार्बन बाहेर जेमतेम चार मिलिमीटर उरले होते. पुढचं बेअरिंग बोटाने फिरवलं तर वाळू भरल्यासारखं. रोटरच्या दोन स्लिप रिंगमध्ये ओहम मोजले तर तीनच्या आसपास, रिंग आणि शाफ्टमध्ये मीटर जोडणीच दाखवत नव्हता, म्हणजे कॉइल शाबूत. स्टेटरची तार तांबूस, एकसारखी, जळका वास नाही. डायोड एकेक करून दोन्ही दिशांनी तपासले, सगळे एकाच बाजूने वाहत होते. म्हणजे झिजणाऱ्या दोन वस्तूच झिजल्या होत्या, मी म्हटलं होतं तसंच.

बेअरिंगवरचे नंबर वाचून तीच आणली, दोन्हीकडून रबरी सीलवाली. मागचं बेअरिंग पुलरने ओढलं, नवं शाफ्टवर बसवताना फक्त आतल्या कडीवर दाब दिला. पुढचं कवचात बसवताना फक्त बाहेरच्या कडीवर. हा नियम मोडला तर नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी मेलेलं असतं, आवाज पुढच्या महिन्यात येतो. कार्बनच्या शेपटीला डाग देताना (सोल्डर करताना) तार पक्कडीत घट्ट धरली, म्हणजे कथील वर चढत नाही. चढलं तर ती मऊ वेणी सळईसारखी कडक होते आणि कार्बन झिजला तरी पुढे सरकत नाही. कार्बन आत दाबून मागच्या बारीक भोकातून तारेची पिन घातली, कवचं जोडली, पिन ओढून घेतली, 'टक्' असा आवाज आला. तो आवाज मला आजही आवडतो. गाडीत बसवला, इंजिन चालू केलं, १४.२ व्होल्ट. सगळे दिवे लावून १३.९. दिवा गेला, घरघर गेली.

आठ महिन्यांनी रात्री साडेअकराला ताईचा फोन आला. भररस्त्यात, पाऊस, मागे दोन्ही मुलं झोपलेली. आधी लाल दिवा, मग हेडलाइट पिवळे, वायपर अर्ध्यावर थांबला आणि इंजिन बंद. मी पोहोचेपर्यंत दीड तास गेला. भाऊजी मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा अल्टरनेटर बसवला आणि जुना खोक्यात घालून माझ्याकडे पाठवला. त्यानंतर घरात कुठलीही वस्तू बिघडली, मिक्सर असो की पंखा, की ते म्हणायचे, 'याला उघडायला देऊ नका, मुलं रस्त्यावर येतील.' हे मला लागलं. मुलं खरंच रस्त्यावर आली होती, म्हणून जास्त लागलं.

तीन महिने मी त्या खोक्याला हात लावला नाही.

मग त्यांच्या नव्या अल्टरनेटरचाही दिवा मंद पेटायला लागला. भाऊजी म्हणाले, 'हल्ली नव्या मालातही दम नाही.' ते वाक्य ऐकलं आणि त्याच संध्याकाळी मी खोकं उघडलं. माझे कार्बन चांगले अकरा मिलिमीटर शिल्लक होते. पण एक आत दाबला तर आतच राहिला, स्प्रिंग त्याला परत ढकलू शकत नव्हती. खोबणीत आणि स्लिप रिंगवर काळा, चिकट लेप होता. कार्बनची पूड कोरडी असते, बोटावर घेऊन फुंकली की उडते. ही उडत नव्हती, कारण तिच्यात इंजिन ऑइल मिसळलं होतं. ताईच्या गाडीचं बॉनेट उघडून टॉर्चच्या उजेडात पाहिलं. अल्टरनेटरच्या बरोबर वर व्हॉल्व्ह कव्हर (इंजिनचं वरचं झाकण), त्याचं गॅस्केट, म्हणजे तेल अडवणारी पट्टी, पाझरत होतं, आणि तेलाची बारीक ओघळ थेट अल्टरनेटरच्या मागच्या जाळीत उतरत होती. नव्याच्या पाठीवरही तीच काळी रेघ. माझा आठ महिन्यांत गेला, त्यांचा तीन महिन्यांतच आजारी पडला, कारण पाझर तोवर वाढला होता.

हे वर्षानुवर्षं मनात राहिलंय म्हणून स्पष्ट लिहितो. तो लेप मी पहिल्या रविवारीही पाहिला होता. क्लीनर मारला, फडक्याने पुसला आणि पुढे गेलो. उत्तर माझ्या बोटांना लागलेलं होतं आणि मी ते धुऊन टाकलं. त्या रात्रीचा दोष माझाच आहे, तो मी ताईसमोर कबूल केला, भाऊजींसमोरही केला. भाऊजी म्हणाले, 'म्हणजे तुझं काम चुकलंच होतं.' हो, चुकलं होतं. पण त्यांचंही चुकलं होतं आणि ते त्यांनी आजवर मान्य केलेलं नाही. मी निदान ती जागा पाहिली होती. ज्याने जुना न उघडताच नवा बसवला, त्याला जुना कशाने मेला हे कळायला वाट नव्हती. असे अजून चार नवे बसवले असते तरी चारही त्याच तेलात गेले असते. भाऊजी म्हणतात, 'तुझे नऊ तास गेले, माझा एक.' तास मोजायचे तर रस्त्यावरचा दीड तासही मोजा, तो माझ्या खात्यावर टाका, माझी हरकत नाही. पण त्यांच्या त्या एका तासात गाडी दुरुस्त झालीच नव्हती.

गॅस्केट बदललं. जुनाच अल्टरनेटर साफ केला, स्लिप रिंग बारीक पॉलिशपेपरने रोटर फिरवत घासल्या, नवे कार्बन घातले. ताई म्हणाली, हाच बसव. पाच वर्षं झाली, तोच चालू आहे.

तर तुमचं. काढण्याआधी हे मोजा, नाहीतर उगाच बोल्ट सोडाल. बॅटरी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरा, रात्रभर तशीच राहू द्या, सकाळी १२.६ च्या आसपास दिसली पाहिजे. मेलेली बॅटरी अल्टरनेटरकडून भरून घेणं म्हणजे त्याला तासन्‌तास पूर्ण लोडवर तापवणं. मग अल्टरनेटर फिरवणारा पट्टा बघा. चकाकी आलेला, सैल पट्टा लोडखाली घसरतो आणि तुमचे १२.९ त्यामुळेही असू शकतात. मग इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, अल्टरनेटरच्या जाड तारेच्या बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत किती व्होल्ट पडतात ते बघा, आणि अल्टरनेटरच्या कवचापासून मायनसपर्यंतही. अर्थच्या (मायनसच्या) बाजूला ०.२ पेक्षा जास्त असेल तर गंजलेली अर्थची पट्टी साफ करा, अल्टरनेटर निर्दोष असू शकतो. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर डायोड गेलाय. आणखी एक खूण. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागला, तर डायोडमधून बॅटरी रात्रभर वाहतेय. घरघर पट्टा काढल्यावर पुली हाताने फिरवून ओळखा. काही गाड्यांत पुलीच एका दिशेला सुटी फिरणारी असते आणि आवाज तिचाच असतो, बेअरिंगचा नाही.

उघडल्यावर स्टेटर काळा पडलेला असेल, वार्निश जळल्याचा वास असेल, किंवा रोटरची कॉइल अर्थ झालेली (शाफ्टला चिकटून शॉर्ट झालेली) असेल, तर थांबा आणि नवा घ्या. घरी वाइंडिंग करायला जाऊ नका. स्लिप रिंगला नखाला अडकेल इतकी खोबण पडली असेल तर पेपरने भागणार नाही, लेथवर जावं लागतं किंवा रिंग बदलावी लागते. डायोड प्लेट अख्खी मिळत असेल तर बदला. एकेक डायोड ठोकून काढणं आणि जाड तारांना डाग देणं साध्या लहान सोल्डरिंग आयर्नने होत नाही.

आणि 'बदलायचा' म्हणून रीबिल्ट, म्हणजे जुनाच दुरुस्त करून विकलेला, घेणार असाल तर तोही कुणीतरी उघडलेलाच असतो, फक्त तुमच्यासमोर नाही. त्याने दोन्ही बेअरिंग बदलली की एकच, हे रंगावरून कळत नाही.

हे आधी लिहायला हवं होतं: बॅटरीची मायनस तार काढल्याशिवाय अल्टरनेटरला पाना लावू नका, मागचा जाड बोल्ट गाडी बंद असतानाही जिवंत असतो. अल्टरनेटर चालतो का बघायला चालू इंजिनवर बॅटरीची तार काढायची जुनी पद्धत कुणी सांगितली तर करू नका. व्होल्टेज उसळतं आणि रेग्युलेटर, डायोड, कधी गाडीचा कॉम्प्युटरही जातो. काही डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या शाफ्टवरच ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असतो. तसा असेल तर तो ब्रेकचा प्रश्न आहे, पहिल्याच वेळी एकट्याने करू नका. नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, तिथे १२.९ दिसणं कधीकधी बिघाड नसतोच, आणि रेग्युलेटर बरोबर त्याच प्रकारचा लागतो. गाडी एकच असेल आणि रोज पहाटे तिच्यावरच निघावं लागत असेल, तर नवा बसवा, जुना ठेवून घ्या आणि सवडीने उघडा. इथे भाऊजींचं बरोबर आहे.

तुमच्या लक्षणांवरून मला बेअरिंग आणि कार्बन हेच दिसतंय, दोन्ही घरी होण्यासारखं. उघडल्यावर स्लिप रिंगवर कोरडी काळी पूड असेल तर साफ करा, दोन्ही वस्तू घाला, बंद करा. चिकट असेल तर फडकं बाजूला ठेवा, आधी बॉनेटखाली वर बघा, तेल कुठून येतंय.