भूर्ज आणि बर्च: नातं आहे, पण तुम्हाला वाटतं तिथे नाही

प्रश्न असा आला: 'भूर्जपत्रातला भूर्ज आणि इंग्रजीतला बर्च सारखेच वाटतात. इंग्रजांनी शब्द आपल्याकडून उचलला का?'

उचललेला नाही. एकाच जातीच्या झाडाची ही दोन नावं भावंडं आहेत, एकाच पूर्वज भाषेतून आलेली आणि लहानपणीच वेगवेगळ्या घरी वाढलेली. गंमत म्हणजे जे साम्य आपल्याला पटकन दिसतं, शेवटचा च आणि ज, तेच फसवं आहे.

जर्मानिक भाषांच्या (इंग्रजी, जर्मन, डच वगैरे) पूर्वज भाषेत या झाडाला *बेर्को असं काहीसं नाव होतं. आधीची चांदणी म्हणजे हा शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, वंशजांवरून मागे जाऊन बांधलेला आहे. आता संस्कृतशी ताडून पाहा. भ्राता तिकडे ब्रदर, म्हणजे भ चा ब. जन तिकडे किन (नातलग), जानु म्हणजे गुडघा तिकडे नी (knee; उच्चारातून गेलेला क स्पेलिंगमध्ये अजून उभा आहे), म्हणजे ज चा क. भूर्जलाही हाच हिशेब लावला की ब-र-क मिळतं. उसना शब्द असता तर हे बदल इतके शिस्तीत झाले नसते.

मग बर्चमधला च? तो इंग्लंडातला. जुन्या इंग्रजीत काही ठिकाणी क चा च झाला; चर्चला स्कॉटलंडात कर्क म्हणतात, तसंच बर्चलाही तिथे बर्क. जर्मन बिर्के, डच बेर्क, स्वीडिश ब्यर्क या सगळ्यांनी क सांभाळलाय. आइसलंडची गायिका ब्यर्क हिचं नावही हेच झाड. इंग्लंडातलं बर्कली म्हणजे बर्चच्या रानातली मोकळी जागा. कॅलिफोर्नियाचं बर्कली मात्र तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कली यांच्या आडनावावरून, त्यामुळे तिकडे बर्च शोधत बसू नका.

मूळ धातू चकाकण्याचा, उजळपणाचा मानतात: संस्कृत भ्राजते, इंग्रजी ब्राइट. पांढऱ्या सालीच्या झाडाला शोभेलसाच. (गाडीवरच्या भुर्जीला यात ओढू नका.)

सह्याद्रीत भूर्ज उगवत नाही, तो हिमालयातला. म्हणून मराठीत झाड आलंच नाही, नुसतं 'पत्र' आलं. आणि पत्र म्हटल्यावर बरेच जण ते पान समजतात. ती साल असते, पापुद्र्यांनी सुटणारी. कालिदासाच्या कुमारसंभवात विद्याधरसुंदरी याच 'भूर्जत्वचे'वर प्रेमपत्रं लिहितात. रशियात नोव्गोरोदला 1951 पासून सालीवर कोरलेली शेकडो जुनी पत्रं जमिनीतून निघाली आहेत. त्या सालीचं रशियन नाव बेरेस्ता, झाडाचं बेर्योझा. तेही याच घरातले.

पुण्यात भांडारकर संस्थेत ऋग्वेदाची जी 30 हस्तलिखितं 2007 मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत गेली, त्यांतलं एक भूर्जावर आहे, काश्मीरच्या जुन्या शारदा लिपीत. बाकीची 29 कागदावर.